राजकीय अभिजन व प्रादेशिक संघटनांविषयीचे लोकमत

प्रादेशिक संघटनांविषयी सामान्य नागरिकांच्या मनात निर्माण होणारा पाठिंबा वा विरोध आणि तो घडविण्यात राजकीय नेतृत्वाचा असलेला वाटा, हा राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध ह्या दोन्ही ज्ञानशाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय होय. प्रादेशिक संघटना म्हणजे एका भूप्रदेशातील सार्वभौम राष्ट्रांनी तहाद्वारे स्थापन केलेल्या संस्था. यूरोपीय संघ, आग्नेय आशियाई राष्ट्रांची संघटना (आसिआन), दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना (सार्क), पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांचा आर्थिक समूह (इकोवास) ही त्यांची परिचित उदाहरणे होत. व्यापार, सुरक्षितता, दळणवळण, मजुरांची ये-जा अशा ज्या बाबी एकट्या राष्ट्राच्या आवाक्यात राहत नाहीत, त्यांचा विचार सदस्यराष्ट्रांनी एकत्र बसून करावा, असा त्यांचा हेतू असतो.

ह्या संस्था नागरिकाच्या रोजच्या अनुभवापासून दूर असतात. नगरपालिकेने रस्ता दुरुस्त केला की नाही, हे नागरिक स्वतः पाहू शकतो. ब्रूसेल्स, जाकार्ता किंवा अबुजा येथील कचेरीत काय ठरले, हे मात्र त्याला दुसऱ्या कोणाकडून तरी कळावे लागते. हे सांगणारे बहुधा राजकीय अभिजन असतात. अभिजन ही संज्ञा समाजशास्त्रात व्हिल्फ्रेदो पारेतो (१८४८–१९२३) व गाएतानो मोस्का (१८५८–१९४१) ह्या इटालियन विचारवंतांच्या लेखनामुळे रूढ झाली. प्रस्तुत संदर्भात तिच्यात मंत्री, पक्षनेते, संसदसदस्य, वरिष्ठ अधिकारी, कामगारसंघ व उद्योगसंघ यांचे पुढारी आणि काहीशा सैल अर्थाने वृत्तपत्रांचे संपादक यांचा समावेश होतो. अभिजनांचे म्हणणे लोक ऐकतात, ह्यात नवल नाही. हे म्हणणे कोणत्या परिस्थितीत मानले जाते, कोणत्या परिस्थितीत झिडकारले जाते आणि अशा रीतीने मिळविलेली संमती किती काळ टिकते, हा खरा प्रश्न आहे.

प्रभावाचे मार्ग : संघटनेविषयी फारशी माहिती नसलेला नागरिक आपल्या विश्वासातील पक्ष वा नेता काय म्हणतो, ह्यावरून आपले मत ठरवितो. ह्याला राज्यशास्त्रज्ञ ‘संकेतग्रहण’ म्हणतात. त्यात अविचार आहे असे मानण्याचे कारण नाही. शेकडो कलमांचा तह वाचण्यास ज्याला सवड नाही, त्याने विश्वासू माणसाचा सल्ला घ्यावा, हे व्यवहाराला धरूनच आहे. जॉन झॅलर या अमेरिकन अभ्यासकाने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकमतविषयक ग्रंथात ह्या प्रक्रियेचे एक महत्त्वाचे अंग दाखवून दिले. अभिजनांत एकमत असेल, तर राजकारणाकडे अधिक लक्ष देणारे नागरिक त्या मताकडे अधिक प्रमाणात झुकतात. अभिजनांत फूट पडली, तर हेच नागरिक आपापल्या पक्षानुसार अधिक तीव्रतेने विभागले जातात. म्हणजे केवळ लोकशिक्षण वाढविल्याने पाठिंबा वाढेलच असे नाही.

दुसरा मार्ग मांडणीचा. एकाच संघटनेचे वर्णन कोणी शांततेची हमी म्हणून करतो, कोणी बाजारपेठ म्हणून, तर कोणी सार्वभौमत्वावरील अतिक्रमण म्हणून. तिसरा मार्ग श्रेय व दोष यांच्या वाटपाचा असून प्रस्तुत लेखकाच्या मते दीर्घकालीन परिणामाच्या दृष्टीने तोच सर्वांत प्रभावी आहे. यूरोपीय समूहाच्या मंत्रिपरिषदेच्या बैठका कित्येक दशके बंद दाराआड होत असत. तेथे मंत्री एखाद्या निर्णयास संमती देई आणि मायदेशी परतल्यावर, निर्णय लोकप्रिय असल्यास तो आपल्या मुत्सद्देगिरीचे फळ म्हणून आणि अप्रिय असल्यास ब्रूसेल्सने लादलेला म्हणून सांगे. ही सवय कोणा एका देशाची वा पक्षाची नव्हती. प्रत्येक वेळी तिचा लाभ तत्काळ मिळे. तिची किंमत मात्र पुढे केव्हातरी आणि बहुधा दुसऱ्याच मंत्र्याला मोजावी लागे. स्तुतीपेक्षा टीकेचा लोकमतावरील परिणाम अधिक होतो आणि संघटनेने स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टींपेक्षा सदस्य-सरकारांचे म्हणणे अधिक विश्वसनीय मानले जाते, असे अलीकडील प्रयोगात्मक अभ्यासांतूनही आढळून आले आहे.

मूक संमतीचा काळ : यूरोपीय एकीकरणाच्या आरंभीच्या काळात लोकमताचा प्रश्न दुय्यम समजला जाई. फ्रेंच नियोजनकार झां मॉने (१८८८–१९७९) यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या कृतिसमितीत पक्षांचे व कामगारसंघांचे प्रतिनिधी घेतले. जनआंदोलन उभारण्याचा विचार त्यात नव्हता. १९५८ मध्ये अर्न्स्ट हास (१९२४–२००३) यांनी एकीकरणाच्या प्रक्रियेचे जे विवेचन केले, त्यातही राजकीय अभिजनांचा अभ्यास पुरेसा मानला होता. पुढे लिओन लिंडबर्ग व स्टुअर्ट शाइनगोल्ड यांनी १९७० मध्ये ह्या स्थितीला ‘अनुमतिदर्शक मतैक्य’ असे नाव दिले. लोक उत्साही नव्हते, पण विरोधीही नव्हते. नेत्यांनी काय करावयाचे ते करावे, अशी मुभा त्यांनी दिली होती. अशी मुभा म्हणजे पाठिंबा नव्हे, हे तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

लोकमत मोजण्याची व्यवस्थाही अभिजनांनीच उभी केली, हे येथे नमूद केले पाहिजे. यूरोपीय आयोगाच्या वतीने सदस्यराष्ट्रांत नियमितपणे घेतल्या जाणाऱ्या ‘यूरोबॅरोमीटर’ ह्या मतपाहण्या १९७४ पासून सुरू झाल्या. त्यांचे प्रवर्तक झाक-रने राबिए हे मॉने यांचे पूर्वीचे सहकारी होत. आपल्या देशाचे सदस्यत्व चांगले की वाईट, हा त्यांतील प्रश्न दीर्घकाळ विचारला गेला. ज्या प्रश्नाचा लोकांनी कधी विचार केला नव्हता, तो वर्षातून दोनदा विचारल्याने त्यांना त्यावर मत असले पाहिजे असे वाटू लागले असल्यास आश्चर्य नाही.

ही मुभा अमर्याद नाही, ह्याची पहिली ठळक जाणीव नॉर्वेने करून दिली. सप्टेंबर १९७२ मधील सार्वमतात तेथील सरकार, संसदेतील बहुमत, उद्योगसंघ व बहुतेक मोठी वृत्तपत्रे प्रवेशाच्या बाजूची असताना ५३·५ टक्के मतदारांनी प्रवेश नाकारला आणि त्रीग्वे ब्रातेली यांच्या मजूर सरकारने राजीनामा दिला. तेथे शेतकरी व मच्छीमार यांच्या संघटना आणि मध्यवर्ती पक्ष हे पर्यायी नेतृत्व म्हणून आधीच उभे होते. ‘अभिजन विरुद्ध जनता’ असे ज्याचे वर्णन केले जाते, तो सामना पुष्कळदा अभिजनांच्या दोन गटांतीलच असतो. १९९४ मध्ये दुसऱ्या सार्वमतातही ५२·२ टक्के मते विरोधात पडली.

ब्रिटनचा अनुभव : एकाच देशात, एकाच प्रश्नावर, चार दशकांच्या अंतराने घेतलेली दोन सार्वमते ही ह्या विषयाच्या अभ्यासकाला लाभलेली दुर्मीळ सामग्री आहे. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ (१९१६–२००५) यांच्या कारकीर्दीत यूरोपीय समूहात दाखल झाले. मजूर पक्षात ह्या प्रश्नावर फूट होती. १९७४ मध्ये सत्तेवर आलेल्या हॅरल्ड विल्सन (१९१६–९५) यांनी अटींविषयी फेरवाटाघाटी करून जनतेचा कौल घेण्याचे वचन दिले होते. ह्या वाटाघाटी मार्च १९७५ मध्ये डब्लिन येथे पूर्ण झाल्या. न्यूझीलंडच्या लोण्याची आयात, अर्थसंकल्पातील वर्गणीची दुरुस्ती अशा काही सवलती पदरात पडल्या. मूळ तहात बदल झाला नाही. तरीही वर्षारंभी सदस्यत्वास प्रतिकूल असलेले लोकमत, सरकारने नव्या अटींची शिफारस करताच झपाट्याने अनुकूल झाले. अटी वाचून मत बदलणारे थोडेच असणार. पंतप्रधानांचे समाधान झाले, हीच बहुसंख्य मतदारांच्या दृष्टीने अट होती.

त्या वेळी अभिजन पूर्णतः एकदिलाचे होते असे नाही. मंत्रिमंडळात सोळा विरुद्ध सात अशी विभागणी झाली. सामुदायिक जबाबदारीचा संकेत तात्पुरता स्थगित ठेवून टोनी बेन, मायकेल फुट, बार्बरा कॅसल प्रभृती मंत्र्यांना विरोधी प्रचाराची मुभा देण्यात आली. मजूर पक्षाच्या खास अधिवेशनाने तर सदस्यत्वाविरुद्ध ठराव केला. पण तिन्ही प्रमुख पक्षांचे नेते, उद्योगपती आणि राष्ट्रीय दैनिकांपैकी जवळजवळ सर्व एका बाजूस होते. विरोधकांत एका टोकास बेन, तर दुसऱ्या टोकास इनॉक पॉवेल (१९१२–९८) अशी परस्परविसंगत मंडळी होती. मध्यममार्गी मतदाराला ह्या दोहोंपैकी कोणाचाच आधार वाटला नाही. घरोघरी तीन पुस्तिका वाटण्यात आल्या : एक अनुकूल पक्षाची, एक प्रतिकूल पक्षाची आणि तिसरी सरकारची, सरकारची अर्थातच अनुकूल होती. हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर (१९२५–२०१३) ह्या नऊ सदस्यराष्ट्रांचे ध्वज विणलेला स्वेटर घालून प्रचारात उतरल्या. ५ जून १९७५ रोजी ६७·२ टक्के मतदारांनी सदस्यत्वाच्या बाजूने कौल दिला.

ह्या यशात पुढील अपयशाचे बीज होते. मतदारांना मुख्यत्वे रोजगार, किंमती व बाजारपेठ ह्यांविषयी सांगितले गेले. सार्वभौमत्वाचा प्रश्न विरोधकांनी उपस्थित केला असता तो गौण ठरविण्यात आला. पुढे समूहाचे अधिकार वाढत गेले, तेव्हा आपल्याला हे सांगितले नव्हते, अशी तक्रार करण्यास जागा राहिली. शिवाय संकेत देणारे पक्षच बदलले. १९८३ च्या निवडणूक-जाहीरनाम्यात मजूर पक्षाने समूहातून बाहेर पडण्याचे वचन दिले. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९८८ मध्ये यूरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाक दलॉर यांनी ब्रिटिश कामगारसंघ परिषदेपुढे कामगारहक्कांचे आश्वासन देऊन त्या पक्षाचे मन वळविले आणि त्याच महिन्यात ब्रूझ येथील भाषणात थॅचर यांनी ब्रूसेल्सच्या वाढत्या सत्तेवर हल्ला चढविला. मंत्रिपरिषदेत बहुमताने निर्णय घेण्याची व्याप्ती वाढविणाऱ्या १९८६ च्या ‘एकल यूरोपीय अधिनियमा’स त्यांच्याच सरकारने मान्यता दिली होती, हे त्या भाषणाच्या श्रोत्यांना आठवले असेल किंवा नसेलही. दोन्ही पक्षांचे अनुयायी पुढील काही वर्षांत आपापल्या नेत्यांमागे बाजू बदलत गेले.

डेव्हिड कॅमेरन यांनी २०१६ मध्ये विल्सन यांचाच कित्ता गिरविला : फेरवाटाघाटी, शिफारस, घरोघरी सरकारी पुस्तिका. ह्या वेळी मात्र २३ जून रोजी ५१·९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. संसदेतील बहुसंख्य सदस्य, मोठे उद्योग, अर्थतज्ज्ञ हे सारे पूर्वीप्रमाणेच सदस्यत्वाच्या बाजूचे होते. मग फरक कोठे पडला? सत्ताधारी पक्ष दुभंगलेला होता आणि बोरिस जॉन्सन व मायकेल गोव्ह यांच्यामुळे विरोधी मताला प्रतिष्ठित, मध्यवर्ती नेतृत्व मिळाले. १९७५ मध्ये अनुकूल असलेली मोठ्या खपाची अनेक दैनिके आता उलट बाजूस होती. हुजूर पक्षाच्या निम्म्याहून अधिक मतदारांनी आपल्या पंतप्रधानांचे ऐकले नाही. मजूर पक्षाच्याही सुमारे एक-तृतीयांश मतदारांनी पक्षाचा आदेश मानला नाही. ज्या नेत्यांनी वीस-पंचवीस वर्षे ब्रूसेल्सला दोष दिला, त्यांनीच काही आठवड्यांच्या प्रचारात त्याची थोरवी सांगावी, हे मतदारांना पटले नाही, असे म्हणणे वाजवी होईल. अर्थात देशांतरितांची वाढती संख्या, जुन्या औद्योगिक प्रदेशांची अवनती व २००८ नंतरची आर्थिक ओढग्रस्त ही कारणेही तितकीच खरी आहेत. नेत्यांनी असंतोष निर्माण केला असे नव्हे, तर त्याला बोट दाखविण्यासाठी एक दिशा दिली. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन यूरोपीय संघातून बाहेर पडले.

ह्या संदर्भात स्कॉटलंडचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये ६८·७ टक्के मते अनुकूल पडली, तर स्कॉटलंडमध्ये ५८·४ टक्के. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये सदस्यत्वाच्या बाजूने केवळ ४६·६ टक्के मते पडली. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के. मधल्या काळात स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाने १९७५ चा विरोध सोडून ‘यूरोपांतर्गत स्वातंत्र्य’ हे धोरण १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वीकारले होते आणि २०१६ मध्ये तेथील सर्व प्रमुख पक्षांचे नेतृत्व सदस्यत्वाच्या बाजूने होते. त्याच संघटनेतील त्याच राज्याचे हे दोन भाग. त्यांतील लोकमताची अदलाबदल केवळ आर्थिक हिताहिताने उलगडत नाही.

दुसरे मतदान : लोकांनी नकार दिल्यास अभिजनांनी काय करावे? डेन्मार्कच्या संसदेने १३० विरुद्ध २५ मतांनी मान्य केलेला मास्ट्रिक्ट तह जून १९९२ मध्ये मतदारांनी ५०·७ टक्क्यांनी फेटाळला. नेत्यांनी समाजवादी लोकपक्षासह नवी तडजोड केली, एडिंबरो येथे चार बाबतींत सवलती मिळविल्या आणि मे १९९३ मध्ये ५६·७ टक्के अनुकूल मते मिळविली. त्या पक्षाच्या पुष्कळ मतदारांनी मात्र नेत्यांना न जुमानता विरोधीच मत दिले. आयर्लंडमध्ये नीस तह (२००१ व २००२) आणि लिस्बन तह (२००८ व २००९) ह्या दोहोंवर प्रत्येकी दोनदा मतदान झाले व दोन्ही वेळा नकाराचा होकार झाला. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २००५ मध्ये संसदेच्या संयुक्त अधिवेशनाने यूरोपीय संविधान-तहासाठीची घटनादुरुस्ती ७३० विरुद्ध ६६ मतांनी मंजूर केली. तीन महिन्यांनी ५४·७ टक्के मतदारांनी तोच तह नाकारला. त्यातील बराच आशय असलेला लिस्बन तह २००८ मध्ये तेथे सार्वमताविना संमत करण्यात आला. कायद्याच्या दृष्टीने ह्यात काही वावगे नव्हते. पण संमतीचा प्रश्न केवळ कायद्याचा नसतो आणि ‘आम्हाला विचारले, पण ऐकले नाही’ ही भावना पुढील काळात संघविरोधी पक्षांच्या हाती आयतीच आली. लीसबेत होख व गॅरी मार्क्स यांनी २००९ मध्ये ह्या नव्या परिस्थितीला ‘बंधनकारक मतभेद’ असे संबोधले : नेत्यांना आता प्रत्येक पावलागणिक आपल्या मतदारांकडे पाहावे लागते.

आफ्रिका व आशिया : सार्वमताची प्रथा नसलेल्या प्रदेशांत हाच प्रश्न वेगळे रूप घेतो. मे १९७५ मध्ये लागोसच्या तहाने इकोवास स्थापन झाला. १९७९ च्या करारानुसार सदस्यराष्ट्रांच्या नागरिकांना परस्परांच्या प्रदेशात ९० दिवसांपर्यंत प्रवेशपत्राविना राहता येऊ लागले. बाजारहाट व रोजगार यांसाठी सीमा ओलांडणाऱ्यांचा हा प्रत्यक्ष लाभ होता. राज्यांचा इकोवास लोकांचा व्हावा, असे उद्दिष्ट संघटनेने २००७ मध्ये जाहीर केले. परंतु २०२० मध्ये गिनी व आयव्हरी कोस्ट येथील अध्यक्षांनी तिसऱ्यांदा निवडणूक लढविली, तेव्हा संघटना गप्प राहिली आणि लष्करी उठावांनंतर मात्र तिने कडक निर्बंध लादले. विद्यमान सत्ताधीशांचा हा मंडळ आहे, अशी टीका त्यामुळे बळावली. जानेवारी २०२२ मध्ये मालीवर निर्बंध जाहीर होताच तेथील लष्करी राजवटीने निदर्शनांची हाक दिली व बामाको येथे प्रचंड जमाव लोटला. २६ जुलै २०२३ च्या उठावानंतर नायजरलाही निर्बंधांना व बळाच्या वापराच्या धमकीला तोंड द्यावे लागले. नायजेरियाने वीज तोडल्याने त्याचा जाच सामान्य माणसाला झाला. २८ जानेवारी २०२४ रोजी माली, बुर्किना फासो व नायजर यांनी एकत्रितपणे संघटना सोडल्याचे जाहीर केले आणि २९ जानेवारी २०२५ पासून ते अंमलात आले. तिन्ही देशांत जनतेचा कौल घेतला गेला नाही. जमाव खरा होता आणि त्याचा रागही खरा होता; तथापि सदस्यत्व सोडण्याचा निर्णय त्या जमावाने घेतला, असे म्हणता येत नाही.

आसिआन ही १९६७ मध्ये बँकॉक येथे पाच परराष्ट्रमंत्र्यांनी स्थापन केलेली संघटना दीर्घकाळ मुत्सद्द्यांचीच राहिली. २००७ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या तिच्या सनदेत लोकाभिमुखतेचा उल्लेख आला, पण एकाही सदस्यराष्ट्रात त्या सनदेवर सार्वमत झाले नाही. विवाद्य प्रश्न चव्हाट्यावर न आणण्याच्या तिच्या रीतीमुळे नेत्यांत उघड फूट दिसत नाही आणि लोकमतही सौम्य पाठिंब्याच्या पलीकडे जात नाही.

डिसेंबर १९८५ मध्ये ढाका येथे स्थापन झालेल्या सार्कच्या सनदेने द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळले. तरी संघटनेचे भवितव्य त्याच प्रश्नांवर अवलंबून राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडू येथे अठरावी शिखर परिषद झाली. सप्टेंबर २०१६ मधील उरी येथील हल्ल्यानंतर भारताने व पाठोपाठ अन्य काही सदस्यांनी इस्लामाबाद येथील नियोजित परिषदेस जाण्यास नकार दिला आणि त्यानंतर शिखर परिषद भरलेली नाही. कोणत्याही सदस्यराष्ट्रात हा निवडणुकीतील प्रमुख प्रश्न बनला नाही. त्याचे एक कारण संघटनेच्या रचनेतच सापडते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या सार्क प्रवेशपत्र-सवलत योजनेचा लाभ ज्या चोवीस वर्गांना देण्यात आला, त्यांत उच्च न्यायालयांचे न्यायाधीश, संसदसदस्य, वरिष्ठ अधिकारी, उद्योजक, पत्रकार व खेळाडू यांचा समावेश होता. सीमेपलीकडे नातेवाईक असलेला शेतकरी वा विणकर त्यांत नव्हता. पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांपुरती ही योजना रद्द केली, तेव्हा अशी काही योजना अस्तित्वात होती, हे पुष्कळांना त्या बातमीवरूनच प्रथम कळले असावे.